मागणी आणि पाचर

निवडणूक लागली की आमच्या लालबागच्या नाक्यावर दोन प्रकारचे मुद्दे येतात आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींत मराठी माणूस असतो, दोन्हींत अन्याय असतो, दोन्ही ऐकताना रक्त तापतं. पण एक मागणी असते आणि दुसरी पाचर. यातला फरक ओळखता आला नाही तर पाच वर्षं हातातून जातात, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

माझे आजोबा गावी लाकडं फोडायचे. ओंडका समोर ठेवून आधी बराच वेळ तो नुसता फिरवून बघायचे. कुठे बारीकशी भेग दिसली की तिथे पाचर टेकवायची आणि मग घण. भेग नसेल तिथे पाचर उडून अंगावर येते, असं ते सांगायचे. निवडणुकीतल्या पाचरीचंही तसंच आहे. ती खोट्या दुःखावर बसत नाही, तिला आधीचीच एखादी भेग लागते. म्हणून तर ती मागणीसारखी दिसते.

आणि म्हणूनच ‘भाकरीचे प्रश्न खरे, बाकी सगळं लक्ष वळवण्यासाठी’ हे जे सर्रास म्हटलं जातं, ते मला पटत नाही. आडनाव ऐकून किंवा मासे खाता म्हणून ज्याला घर नाकारलं, त्याचा अपमान खरा आहे, आणि त्याचं घरही गेलेलं आहे. संयुक्त महाराष्ट्राचा लढा भाषेचाच होता. पण गिरणी कामगार त्यात उतरले ते मुंबई कोणाची, इथल्या कष्टाचं मोल कोण ठरवणार, या प्रश्नासाठीसुद्धा. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, शंभराहून अधिक माणसं त्या लढ्यात गेली, आणि १ मे १९६० ला राज्य मिळालं. अस्मिता आणि पोट त्यात वेगळं काढता येत नाही. मागणी सत्तेकडे होती, आणि काय हवं ते नेमकं सांगता येत होतं.

अगदी अलीकडचं उदाहरण बघा. १६ एप्रिल २०२५ ला सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा आदेश काढला. लोक चिडले, बोलले, रस्त्यावर आले. मागणी साधी होती: आदेश मागे घ्या. २९ जूनला तो मागे घेतला गेला. आणि त्याच सुमारास मिरारोडला मराठीवरून एका दुकानदाराला मारहाण झाली. विषय तोच, भाषा तीच, राग बहुधा तोच. पण तो आदेश दुकानदाराने काढला नव्हता आणि त्याच्या हातात मागे घेण्यासारखं काही नव्हतं. एका ठिकाणी राग मंत्रालयाच्या दारात गेला, दुसऱ्या ठिकाणी गल्ल्यामागे उभ्या असलेल्या माणसावर पडला. तोच मुद्दा एका हातात मागणी होतो, दुसऱ्या हातात पाचर.

हा फरक करताना सर्वोच्च न्यायालयाचीही दमछाक झालेली आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३) धर्म, जात, समाज, भाषा यांच्या नावावर मत मागायला बंदी घालतं. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेला एक खटला थेट सात न्यायमूर्तींपर्यंत गेला आणि २ जानेवारी २०१७ ला निकाल लागला. चौघांनी बंदीचा अर्थ व्यापक लावला: उमेदवाराच्याच नाही, तर मतदाराच्या धर्म-जात-भाषेच्या नावावरही मत मागता येणार नाही. तिघांचं म्हणणं असं की, धर्म, जात किंवा भाषेमुळे लोकांनी सोसलेला अन्याय निवडणुकीत मांडणं हा लोकशाहीचाच भाग आहे. माझं मन त्या तिघांकडे झुकतं.

पाचर बसली की काय निसटतं, ते गिरणगावाने पाहिलं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. गिरण्या मेल्या, मागे सुमारे ६०० एकर जमीन उरली. १९९१ च्या नियमाप्रमाणे विक्रीला काढताना तिचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेला मालकाला मिळायचा. २००१ मध्ये नियम बदलला: वाटणी फक्त गिरणीतल्या रिकाम्या जमिनीची, बांधकाम असलेली त्यात नाही. दोन-चार शब्दांत बागा आणि घरं गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम ठेवला. या सगळ्या काळात शहरातल्या प्रचारसभा मराठी-अमराठी आणि हिंदू-मुसलमान यावर गाजत होत्या. ‘रिकामी जमीन’ या दोन शब्दांवर नाक्यावर झालेली एकही सभा मला आठवत नाही.

आता आमच्या मजल्यावरच्या मावशींचं सांगते. त्या रोज बेस्टच्या बसने दादरला दोन घरची कामं करायला जातात. ९ मे २०२५ ला साध्या बसचं किमान तिकीट ५ चं १० झालं. जाऊन-येऊन दहा रुपये जास्त, महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर २६० रुपये. हा निर्णय झाला तेव्हा पालिकेत एकही नगरसेवक नव्हता. ७ मार्च २०२२ ला मुदत संपली, त्यानंतर प्रशासकाचा कारभार, आणि मतदान झालं ते थेट १५ जानेवारी २०२६ ला. ७४,४२७ कोटींचा २०२५-२६ चा अर्थसंकल्पसुद्धा निवडून आलेल्या कोणाच्याही मताशिवाय झाला. मग प्रचार आला तेव्हा बोलणं कशावर? महापौर कोणत्या भाषेचा, कोणत्या धर्माचा.

कोपरा सभेत मावशींनी हात वर केला आणि तिकिटाचं विचारलं. उमेदवार महापौरावर बोलला. त्यांनी परत विचारलं. तेव्हा तो म्हणाला, “ते बेस्टचं आहे हो, आमच्या हातात नाही.” मावशी गप्प बसल्या.

घरी आल्यावर मी त्यांना सांगितलं की बेस्ट हा पालिकेचाच उपक्रम आहे, बेस्ट समिती पालिकाच नेमते आणि भाडेवाढही पालिकेच्या मंजुरीनेच झाली. त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. “म्हणजे त्याच्याच हातात आहे की.” दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच उमेदवार पुढच्या गल्लीत येणार होता. मावशी कामावरून घरी न येता परस्पर तिकडे गेल्या.