डच जलरंगी पक्षिचित्रे व त्यांचे संग्राहक

सतराव्या व अठराव्या शतकांत नेदर्लंड्समध्ये आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वसाहतींत कागदावर किंवा चर्मपत्रावर काढलेली पक्ष्यांची रंगचित्रे. ही चित्रे सहसा भिंतीवर टांगण्यासाठी नसत. संग्राहक ती सुट्या पानांच्या रूपात जपून ठेवी, जाणकार पाहुण्यांपुढे उलगडी, आणि तो वारला की ती लिलावात निघत. त्या काळी पेंढा भरलेला पक्षी फार टिकत नसे. कसर आणि किडे पिसे फस्त करत, चोचीचा व पायांचा रंग तर मेल्यावर लगेच उतरू लागे. नमुना गेला की उरे ते चित्र. म्हणून शास्त्रज्ञांची भिस्तही बऱ्याचदा त्याच्यावरच असे.

पिसांची झाक पातळ जलरंगाच्या थरांनी आणि बारीक तपशील गॉशसारख्या अपारदर्शक रंगाने दाखवण्याची पद्धत होती. हार्लेमच्या पीटर होल्स्टाइन पिता-पुत्रांची चित्रे या परंपरेतली सुरुवातीची. मुलाने काढलेले डोडोचे जलरंगचित्र प्रसिद्ध आहे. फेख्त नदीकाठच्या आपल्या मळ्यात दुर्मिळ वनस्पती वाढवणाऱ्या आग्नेस ब्लोक (१६२९–१७०४) यांनी अनेक चित्रकारांकडून फुलांबरोबर पक्षीही काढून घेतले. अठराव्या शतकातला सर्वांत सफाईदार हात मात्र आर्ट स्खाउमन (१७१०–९२) याचा. स्टाटहाउडर, म्हणजे डच प्रजासत्ताकाचा प्रमुख, पाचवा विल्यम याच्या हेगजवळच्या प्राणिसंग्रहातले परदेशी पक्षी त्याने प्रत्यक्ष पाहून रंगवले. १७९५ मध्ये फ्रेंच सैन्य आले आणि त्या संग्रहातले बरेच काही, दोन हत्तींसह, पॅरिसला गेले.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळचा संग्रह योआन गिडेऑन लोटेन (१७१०–८९) याचा. तो १७५२ ते १७५७ श्रीलंकेचा डच गव्हर्नर होता. तिथे त्याने पीटर कॉर्नेलिस द बेव्हर या मिश्र वंशाच्या स्थानिक नकाशाकाराला जिवंत व मृत पक्ष्यांवरून चित्रे काढायला लावले. द बेव्हर जमीनमोजणीच्या कामातला माणूस. त्याची रेषा नेमकी आहे, पण पक्षी काहीसे ताठ बसलेले वाटतात. तरीही युरोपातल्या कोणत्याही चित्रकाराने तोवर न पाहिलेल्या जाती त्याच्या पानांवर आल्या, हे महत्त्वाचे.

लोटेन पुढे लंडनमध्ये राहिला आणि त्याने ही चित्रे मोकळ्या हाताने उसनी दिली. संग्राहक म्हणून त्याचे खरे मोठेपण इथेच दिसते. पेटीला कुलूप लावून बसणारे कमी नव्हते. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्ससाठी चित्रकार सिडनी पार्किन्सनने त्यांच्या नकला केल्या. निसर्गशास्त्रज्ञ टॉमस पेनंटच्या १७६९ च्या ‘इंडियन झूऑलॉजी’त आणि पीटर ब्राउनच्या १७७६ च्या सचित्र ग्रंथात त्यांवरून छापील चित्रे तयार झाली. सह्याद्रीतल्या दाट जंगलात दिसणाऱ्या मलबारी कर्णा या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन पेनंटने द बेव्हरच्या चित्रावरूनच केले. भिगवणला दिसणारा चित्रबलाक आणि पाण्यातून सापासारखी मान काढणारा तिरंदाज यांच्या शास्त्रीय नावांपुढेही, प्रथम वर्णन करणारा म्हणून, ‘पेनंट, १७६९’ असेच लिहिले जाते.

अशा व्यवहारात एक धोका होता. मूळ चित्र, त्याची नकल, तिच्यावरून तांब्याच्या पत्र्यावरचे कोरीवकाम आणि मग प्रत्येक प्रत हाताने रंगवणारे कारागीर, इतक्या टप्प्यांतून जाताना शेपटीची लांबी किंवा पोटाची छटा सहज बदले. पक्षी न पाहिलेल्या शास्त्रज्ञाला ती चूक कळण्याचा मार्ग नसे.

श्रेयाची वाटणीही सरळ झाली नाही. लांब, वाकड्या चोचीच्या सूर्यपक्ष्याला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनीअसने १७६६ मध्ये लोटेनचे नाव दिले. भारतीय द्वीपकल्पात आणि श्रीलंकेत आढळणारा हा पक्षी आजही लोटेनचा सूर्यपक्षी म्हणूनच ओळखला जातो. वेस्टमिन्स्टर ॲबीत टॉमस बँक्स या शिल्पकाराने घडवलेले लोटेनचे स्मारक आहे. द बेव्हरची ओळख मुख्यतः त्याच्या चित्रांमधूनच होते. ती लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत.