मोयामोया आणि मेंदूबाहेरच्या धमन्या: एका नावाची पार्श्वभूमी

मेंदूला रक्त पुरवणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमन्या कवटीच्या तळाशी जिथे दुभागतात, तिथे त्या हळूहळू अरुंद होत जाण्याचा मोयामोया हा दुर्मीळ आजार जपानमध्ये १९५७ साली प्रथम नोंदवला गेला, तेव्हा ती दोन्ही धमन्यांची जन्मजात अपुरी वाढ मानली गेली होती. पुढे त्याच रुग्णांच्या अँजिओग्राफीत, म्हणजे धमन्यांच्या क्ष-किरण चित्रणात, अरुंदपणा वर्षागणिक वाढलेला दिसू लागल्यावर ही समजूत मागे पडली.

‘मोयामोया’ हे नाव १९६९ सालचे. या जपानी शब्दाचा अर्थ हवेत तरंगणाऱ्या धुरासारखे धूसर असा आहे. धमनीत रंगद्रव्य सोडून घेतलेल्या चित्रात कॅरोटिड टोकाकडे निमुळती होत संपते आणि तिच्याजवळ अतिसूक्ष्म वाहिन्यांचा पुंजका धुरासारखा पसरलेला दिसतो. मात्र हा धूर म्हणजे आजार नव्हे. मुख्य वाट बंद होत असताना मेंदूने रक्तासाठी काढलेल्या त्या आडवाटा आहेत. नाव देणाऱ्यांनीच आजाराच्या सहा पायऱ्या मांडल्या होत्या आणि त्यांतल्या शेवटच्या पायरीवर धूर पूर्ण नाहीसा होतो. म्हणजे आजार सर्वांत पुढे गेलेला असताना ज्यावरून त्याला नाव मिळाले, तेच चित्रात उरत नाही. जपानमध्ये अधिकृत कागदोपत्री बराच काळ ‘विलिस वलयाचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या धमन्यांच्या कड्याचा) स्वयंस्फूर्त अवरोध’ असे रुक्ष पण अधिक नेमके नाव वापरले जात होते; शेवटी चित्रमय नावच टिकले.

खरा गुंता झाला तो ‘आजार’ आणि ‘सिंड्रोम’ या विभागणीने. हेच चित्र डाउन सिंड्रोम, सिकल सेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस (मज्जातंतूंवर गाठी येण्याचा आनुवंशिक आजार) असलेल्या रुग्णात दिसले की तो मोयामोया सिंड्रोम, आणि सोबत काहीच सापडले नाही तर मोयामोया आजार. शिवाय आजाराच्या निश्चित निदानासाठी दोन्ही बाजू बाधित असण्याची अट होती, त्यामुळे एकाच बाजूला अरुंदपणा असलेला रुग्ण वर्षानुवर्षे ‘संभाव्य’ या रकान्यात राहिला, जरी अशा काही रुग्णांची, विशेषतः मुलांची, दुसरी बाजू पुढे बाधित होत असल्याचे ठाऊक होते. २०१५ च्या जपानी निकषांत ही अट काढण्यात आली. हा निर्णय उशिरा झाला असेच म्हणावे लागेल.

या वर्गीकरणात सगळे लक्ष मेंदूच्या चित्रावर राहिले. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या शवविच्छेदनाच्या अभ्यासात मेंदूबाहेरच्या धमन्यांचे आतले अस्तरही जाड झालेले आढळले होते. नंतरच्या अँजिओग्राफींत शंभरातील साधारण पाच ते आठ रुग्णांमध्ये मूत्रपिंडाच्या धमनीचे दोष दिसले, आणि फुप्फुसाच्या व हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्याच्या तुरळक नोंदीही येत राहिल्या. तरीही हे सारे ‘सोबतचे दोष’ या सदरातच पडून राहिले.

२०११ मध्ये आरएनएफ-२१३ हे जनुक सापडल्यावर हे सदर अपुरे पडू लागले. जपान आणि कोरियातील बहुसंख्य रुग्णांत या जनुकाचा एकच विशिष्ट बदल आढळतो, पण तोच बदल तिथल्या सर्वसाधारण लोकसंख्येतही शंभरात एक-दोघांमध्ये असतो आणि त्यांतल्या बहुतेकांना हा आजार कधीच होत नाही. पुढे हाच बदल मेंदूतील इतर अरुंद धमन्यांशी, आणि फुप्फुस, मूत्रपिंड व हृदय यांच्या धमन्यांतील अरुंदपणाशीही जोडला गेला. त्यामुळे या सगळ्याला जनुकावरून एकच नाव द्यावे, असा प्रस्ताव काही अभ्यासकांनी मांडला. तो अजून सर्वमान्य नाही, कारण इतर जनुकांमुळेही मिळतेजुळते चित्र तयार होते: एसीटीए-२ या जनुकाच्या विशिष्ट बदलांत धमन्या सुरुवातीच्या भागात फुगलेल्या, पुढच्या भागात अरुंद आणि विलक्षण सरळ असतात, आणि धुराचा पुंजका मात्र नसतो.

नावाचा हा वाद उपचारापर्यंत येऊन पोहोचतो. मूत्रपिंडाची धमनी अरुंद असलेल्या मुलाचा रक्तदाब वाढतो आणि तो उतरवावाच लागतो. पण अरुंद धमन्यांमागचा मेंदू त्याच दाबावर तग धरून असल्याने तो झपाट्याने उतरवला तर पक्षाघाताचा धोका असतो. अशा मुलाच्या निदानातही मेंदूचा आजार मुख्य आणि मूत्रपिंडाचा ‘सोबतचा’ असाच लिहिण्याचा प्रघात अजून चालू आहे.