तपकिरी टँकर आणि हिरव्याचा दुष्काळ

माझ्या पुस्तकांच्या कपाटात वीतभरही लांब नसलेला एक पेट्रोल टँकर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने वापरलेल्या बेडफर्ड क्यूएलची ही प्रतिकृती. तिला मी तपकिरी रंग दिला. तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, “लष्कराची गाडी ना ही? मग हिरवी नको?”

नको. आणि त्यामागचं रसायनशास्त्र मला खुद्द गाडीपेक्षा जास्त आवडतं.

युद्ध म्हटलं की आपल्याला स्पिटफायर हे ब्रिटिशांचं लढाऊ विमान आठवतं, पण सुरुवातीच्या स्पिटफायरच्या टाक्यांत मावायचं जेमतेम 85 गॅलन इंधन. ते संपलं की विमान पुन्हा टँकरच्या दारात. इंजिन चालू करायला बॅटऱ्यांची हातगाडी लागे, बॉम्ब ओढायला ट्रॅक्टर लागे. पडलेल्या विमानाचे पंख सोडवून सांगाडा न्यायला लांबलचक ट्रेलर असे. त्याची लांबी पाहून सैनिकांनी त्याला थेट ‘क्वीन मेरी’ या जहाजाचं नाव दिलं होतं. शांततेच्या काळात हवाई दलाच्या या गाड्या निळसर करड्या असत. युद्ध सुरू झालं आणि त्या हिरव्या झाल्या. मग 1942 च्या सुमारास ब्रिटिश लष्करी गाड्यांचा मूळ रंग तपकिरी ठरला, कारण हिरव्या रंगात लागणारं क्रोमियम ऑक्साइड पुरेना.

पण हिरवा रंग तर दहा प्रकारे करता येतो. निळ्यात पिवळा मिसळला की झालं! डोळ्याला फसवायचं असेल तर खरंच झालं. कॅमेऱ्याला फसवायचं असेल तर नाही.

झाडाचं पान हिरवं दिसतं, कारण त्यातलं हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश गिळतं. पण 700 नॅनोमीटरच्या पुढे, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त पट्ट्यात, हरितद्रव्य जवळजवळ पारदर्शक असतं. तिथला प्रकाश पानात शिरतो, पेशी आणि त्यांच्यामधल्या हवेच्या पोकळ्या यांच्यावर आपटत राहतो आणि साधारण निम्मा परत बाहेर पडतो. त्यामुळे अवरक्त छायाचित्रात झाडं बर्फ पडल्यासारखी पांढरी दिसतात. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने असे फोटो 1910 मध्येच प्रसिद्ध केले होते. आता या पांढऱ्या झाडीत साध्या हिरव्या रंगाचा ट्रक उभा करा. त्याचा रंग अवरक्त प्रकाश गिळत असेल, तर फोटोत तो काळा ठिपका होऊन उठून दिसतो. कोडॅकने युद्धकाळात याच कामासाठी खास फिल्म काढली. तिच्यात जिवंत झाडी लाल दिसे आणि गाड्या लपवायला टाकलेलं रंगवलेलं कापड निळसर. पुढे 1970 च्या सुमारास भारतीय शास्त्रज्ञ पिशारोटी यांनी केरळात हेलिकॉप्टरमधून अशाच फिल्मवर नारळाच्या रोगट बागा टिपल्या. भारतातल्या दूरसंवेदनाची, म्हणजे उंचावरून जमिनीची पाहणी करण्याच्या तंत्राची, सुरुवात तिथूनच मानतात.

क्रोमियम ऑक्साइडचं वेगळेपण इथे येतं. त्याच्या स्फटिकात क्रोमियमच्या प्रत्येक आयनाला (विद्युतभारित अणूला) सहा ऑक्सिजन घेरून असतात. या घेरावामुळे क्रोमियमच्या बाहेरच्या पाच कक्षिकांची, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या जागांची, दोन ऊर्जापातळ्यांत फाळणी होते: तीन खाली, दोन वर. क्रोमियमकडे असलेले तीन इलेक्ट्रॉन खालच्या तीन जागा धरून बसतात. त्यातला एखादा वर उडवायचा तर ठरावीक ऊर्जेचाच प्रकाश लागतो. एक पट्टा 460 नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा 600 च्या आसपास. मधला हिरवा सुटतो, आणि 700 च्या पुढच्या प्रकाशात इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ताकद नसल्यामुळे तोही बराचसा परततो. म्हणजे कारण अगदी वेगळं, पण वागणं पानासारखं.

आता यातली गंमत. हाच क्रोमियमचा आयन ॲल्युमिनियम ऑक्साइडमध्ये चिमूटभर घुसवला की काय तयार होतं? माणिक! ॲल्युमिनियमची जागा जरा अरुंद, ऑक्सिजन जास्त जवळ, म्हणून पातळ्यांमधलं अंतर वाढतं. गिळले जाणारे दोन्ही पट्टे निळ्याच्या बाजूला सरकतात, हिरवा गिळला जातो आणि लाल उरतो. रवीची कृपा व्हावी म्हणून अनामिकेत घातलेलं माणिक आणि ट्रकवरचा हिरवा रंग हे असे सख्खे भाऊ आहेत. अंगठीवाल्यांनी हवं तर ट्रकलाही नमस्कार करावा.

क्रोमियमचं दुसरं गिऱ्हाईक मात्र फार बलदंड होतं: पोलाद. चिलखती पत्रे, तोफा, इंजिनाचे भाग, सगळ्यांनाच ते हवं. जानेवारी 1940 मध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने तुर्कस्तानचं क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, विकत घेण्याचा करार केला, त्यात ते जर्मनीला मिळू नये हाही हेतू होता. पुढे 1943 मध्ये तुर्कस्तान जर्मनीलाही विकू लागलं आणि दोस्त राष्ट्रांच्या दबावामुळे एप्रिल 1944 मध्ये थांबलं. अशा ओढाताणीत रंगाच्या डब्याला कोण विचारतो? तपकिरी रंगाला लोहाची ऑक्साइडं पुरतात, आणि त्यांची वाण कुठेच नव्हती.

एप्रिल 1944 मध्ये ब्रिटिशांनी पुन्हा हिरवट छटा स्वीकारली. अमेरिकेतून येणाऱ्या गाड्या मुळातच तशा रंगाच्या असल्याने त्यांना नव्याने रंगवायची गरज उरली नाही. जुन्या गाड्या मात्र सगळ्या खरवडून रंगवल्या नाहीत. जूनमध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कितीतरी ब्रिटिश गाड्या तपकिरीच होत्या.

त्यामुळे माझा टँकर आहे तसाच राहील. पुढच्या पाहुण्याला क्रोमियमच्या कक्षिका समजावायची माझी तयारी आहे. त्याची आहे का, ते चहा झाल्यावर कळेल.