प्रश्न विचारून थांबणारं कार्टून

‘ब्लूज क्लूज’ या मालिकेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडते. हिरव्या पट्ट्यांचा शर्ट घातलेला स्टीव्ह पडद्यातून थेट मुलाकडे बघत एखादा प्रश्न विचारतो आणि चक्क गप्प उभा राहतो. मोठ्या माणसाला ही शांतता फार लांबते. समोर बसलेलं तीन-चार वर्षांचं मूल मात्र तेवढ्या वेळात चित्र न्याहाळतं, मनाशी काहीतरी जुळवतं आणि ओरडून उत्तर देतं. लहान मुलांसाठी झालेल्या मालिकांमध्ये ही मालिका मला फार मोलाची वाटते, ती या थांबण्यामुळे. त्याच्यामागे कित्येक वर्षांचं संशोधन आहे.

मालिका अमेरिकेतली. ८ सप्टेंबर १९९६ रोजी निकलोडियन वाहिनीवर ती सुरू झाली. अँजेला सँटोमेरो, टॉड केसलर आणि ट्रेसी पेज जॉन्सन हे तिचे निर्माते. स्टीव्ह हा खराखुरा माणूस, बाकीचं जग मात्र कागद कापून चिकटवावा तसं दिसणारं ॲनिमेशन. ब्लू नावाची निळी कुत्री प्रत्येक भागात तिच्या पंजाचे तीन ठसे कुठेकुठे उमटवते. तिला काय हवंय हे त्या तीन खुणांवरून ओळखायचं, एवढंच कथानक. खुणा वहीत चितारायच्या, शेवटी लाल खुर्चीत बसून विचार करायचा. गंमत म्हणजे ठसा स्टीव्हच्या अगदी पाठीशी असतो, तरी त्याला तो दिसत नाही. मुलाला आधी दिसतो. ‘मला कळलंय, मोठ्या माणसाला कळलं नाही’ हा आनंद तीन वर्षांच्या जिवाला सहसा मिळत नाही. इथे तो प्रत्येक भागात मिळतो.

मालिकेला सल्ला देणाऱ्यांमध्ये डॅनियल अँडरसन हे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ होते. टीव्हीसमोर मूल नेमकं काय करतं, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. टीव्ही मुलाला भुरळ घालतो, रंग नि हालचाल दिसली की मूल नुसतं खिळून राहतं, असा समज तेव्हाही होता आणि आजही आहे. अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजाला धक्का देतो. पाच वर्षांच्या मुलांना त्यांनी ‘सेसमी स्ट्रीट’ ही लहान मुलांची अमेरिकी मालिका दाखवली. काही मुलांच्या खोलीत भरपूर खेळणी होती, काहींच्या खोलीत नव्हती. खेळणी नसलेल्या मुलांची नजर ८७ टक्के वेळ पडद्यावर होती, खेळणी असलेल्यांची जेमतेम ४४ टक्के. मग दोन्ही गटांना कार्यक्रमातलं काय समजलं ते तपासलं. दोघांचं आकलन सारखंच निघालं!

म्हणजे खेळणारी मुलं कानाने कार्यक्रमाचा माग ठेवत होती आणि कामाचं काही आलं की मान वर करत होती. नंतरच्या एका प्रयोगात संशोधकांनी कार्यक्रमाचीच मोडतोड केली. दृश्यांचा क्रम उलटसुलट केला, संवाद उलटे वाजवले किंवा परक्या भाषेत दिले. रंग तेच, हालचाल तीच, तरीही मुलांचं लक्ष घटलं. लक्ष लागलं की समजतं, असं आपण धरून चालतो. इथे उलट दिसलं: समजत असतं म्हणून मूल लक्ष देतं, आणि समजेनासं झालं की नजर दुसरीकडे वळवतं.

हे एकदा पटलं की मालिकेची संथ मांडणी आपोआप सुचते. ‘सेसमी स्ट्रीट’मध्ये छोटे छोटे स्वतंत्र तुकडे एकामागून एक येतात. ‘ब्लूज क्लूज’ने अर्धा तास एकच गोष्ट, सरळ क्रमाने सांगितली. प्रत्येक भाग प्रसारित होण्यापूर्वी प्रत्यक्ष मुलांसमोर तीनदा तपासला जाई. मुलं कुठे गोंधळतात, कुठे कंटाळतात, उत्तर द्यायला किती वेळ घेतात हे बघून तो दुरुस्त होई.

आपल्याला सवयीने सोपी वाटणारी एक गोष्ट लहानांना किती जड जाते, हेही इथे सांगायला हवं. दृश्य कापून दुसरं दृश्य आलं की आपले डोळे क्षणात नव्या चित्रातल्या महत्त्वाच्या जागी जातात. एक वर्षाची बाळं, चार वर्षांची मुलं आणि मोठी माणसं यांच्या नजरेचा माग यंत्राने घेऊन हेदर किर्कोरियन आणि अँडरसन यांनी त्यांची तुलना केली. दृश्य बदलल्यावर नेमक्या जागी पोहोचायला बाळांना सगळ्यात जास्त वेळ लागत होता. आधीच्या दृश्याशी आत्ताच्या दृश्याचा काय संबंध, हे बाळाला अजून लावता येत नाही. भराभर कापलेला कार्यक्रम त्याच्यासाठी तुटक चित्रांची रांग असते.

आणि मग पुनरावृत्ती. सुरुवातीच्या काळात या मालिकेचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार रोज दाखवला जाई. पालकांना हे वेड लावणारं वाटलं असेल, पण १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने त्याचं समर्थन केलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांपैकी काहींनी एक भाग एकदाच पाहिला, काहींनी तोच भाग पाच वेळा. पाच वेळा पाहणाऱ्यांचं आकलन वाढत गेलं, आणि त्याहून सुंदर गोष्ट म्हणजे त्यांचा सहभागही वाढत गेला. ती जास्त मोठ्याने, जास्त वेळा उत्तरं देऊ लागली. पहिल्यांदा मुलाची सगळी शक्ती काय चाललंय हे समजण्यातच खर्च होते. नंतर पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे विचार करायला सवड मिळते, असा त्याचा अर्थ मला लागतो. आपल्याकडे काऊ-चिऊची गोष्ट सांगताना हेच होतं. ‘चिऊताई चिऊताई, दार उघड’ हे दहाव्यांदा ऐकणारं पोर आजीच्या आधी म्हणून मोकळं होतं, आणि शब्द बदलला तर भांडतं.

संथ म्हणजे चांगलं आणि वेगवान म्हणजे वाईट, इतकी सरळ विभागणी मात्र करता येत नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या अँजेलिन लिलार्ड यांनी २०११ मध्ये चार वर्षांच्या साठ मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी नऊ मिनिटं एक वेगवान, अद्भुत घटनांनी भरलेलं कार्टून पाहिलं. त्यात सरासरी दर ११ सेकंदांनी पूर्ण दृश्य बदलत होतं. काहींनी दर ३४ सेकंदांनी दृश्य बदलणारं संथ कार्टून पाहिलं, उरलेल्यांनी चित्रं काढली. लगेच नंतर स्वतःला आवरणं, नियम लक्षात ठेवणं, धीर धरणं अशा चाचण्यांमध्ये पहिला गट मागे पडला. बातम्यांमधून याचा दोष वेगाला गेला. लिलार्ड मात्र तिथे थांबल्या नाहीत. २०१५ मधल्या त्यांच्या पुढच्या प्रयोगांत वेगापेक्षा अद्भुतता जास्त जबाबदार दिसली: घडूच शकत नाहीत अशा गोष्टी एकामागून एक आल्या की मुलाच्या मेंदूला त्या पचवायला कष्ट पडतात. हे सगळे परिणाम कार्टून संपल्याबरोबर मोजलेले आहेत, कायमचे नव्हेत.

दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तर चांगली मालिकाही फारशी उपयोगाची नाही. ज्युडी डिलोच आणि जॉर्जीन ट्रोसेथ यांनी १९९८ मध्ये दाखवून दिलं, की शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना खिडकीतून पाहिलेलं दोन वर्षांचं मूल ते सहज शोधून काढतं, पण तेच लपवणं टीव्हीवर पाहिलं तर बहुतेकदा चुकतं. अडीच वर्षांच्या मुलांना टीव्हीवरूनही जमलं. ट्रोसेथ यांनी नंतर आणखी एक बदल करून पाहिला. पडद्यावरची व्यक्ती खरोखर त्या मुलाशी बोलत असेल, त्याचं ऐकून उत्तर देत असेल, तर दोन वर्षांच्या मुलांनीही तिने सांगितलेलं वापरलं. स्टीव्ह थांबतो तेव्हा तो संवादाचा आभास निर्माण करतो. तीन-चार वर्षांच्या मुलाला तेवढा पुरतो. पण मुलाने चुकीचं उत्तर दिलं तरी स्टीव्ह ‘बरोबर!’ म्हणूनच पुढे जातो, ही त्याची मर्यादा.

ती मर्यादा शेजारी बसलेला माणूस भरून काढू शकतो. सँटोमेरो यांच्याच ‘डॅनियल टायगर्स नेबरहूड’ या २०१२ साली सुरू झालेल्या मालिकेबाबत टेक्सास टेक विद्यापीठात हे तपासलं गेलं. राग आला तर काय करायचं, वाईट वाटलं तर कुणाला सांगायचं, हे या मालिकेतला छोटा वाघ गाण्यांतून शिकतो. दोन ते सहा वर्षांच्या मुलांनी दोन आठवड्यांत तिचे दहा भाग पाहिले. दुसऱ्याची भावना ओळखणं, सहानुभूती, स्वतःवरचा विश्वास यांत त्यांची प्रगती दिसली, पण ज्यांच्या घरी टीव्हीवर पाहिलेल्याबद्दल नेहमी गप्पा होतात त्याच मुलांमध्ये.

जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना, दोघींचंही दोन ते चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी सांगणं दिवसाला जास्तीत जास्त एक तास असं आहे. त्या तासातली दहा मिनिटं शेजारी बसता आलं, तर मालिका थांबते तिथे आपणही विचारू शकतो: ‘ठसा कुठे दिसला तुला? आणि तो तिथेच का असेल?’ चुकीच्या उत्तरावर ‘असं का वाटलं?’ हा पुढचा प्रश्न स्टीव्हला विचारता येत नाही, आपल्याला येतो.