सीटवर बसून पाय टेकायलाच हवेत?

सायकल घेताना हमखास ऐकू येतं, ‘सीटवर बसून दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत.’ शिकाऊ पोरांसाठी ठीक, मोठ्यांसाठी चूक. पेडल अगदी खाली आलं तरी जमिनीपासून साधारण १० सेंटिमीटर वर असतं. म्हणजे तळवे टेकतील इतकी सीट खाली घेतली, तर पेडल मारताना गुडघा पुरेसा सरळ होतच नाही. मग पुण्याहून खडकवासल्याला जाऊन आलं की गुडघे बोलू लागतात, आणि दोष जातो वयाला!

भिंतीचा आधार घेऊन बसा, टाच खालच्या पेडलवर ठेवा. पाय सरळ झाला की उंची जमली. चवड्याने पेडल मारताना गुडघा किंचित वाकलेलाच राहतो. आणि सिग्नलला? सीटवरून पुढे उतरायचं, एक पाय टेकायचा.