पोलला धरतं छत, आपल्याला धरते कातडी

दहा बाय बाराची खोली, मधोमध पंखा, आणि हातात मोजपट्टी घेऊन खुर्चीवर उभी असलेली माझी भाची. ती शहरातल्या एका स्टुडिओत चार महिने पोल डान्स शिकली होती. आता तिला घरी सराव करायचा होता. ऑनलाइन एक पोल तिने जवळजवळ घेऊनच टाकला होता. "मामा, तू फिजिक्सवाला ना, एकदा बघून घे," एवढंच तिचं म्हणणं. त्या एका 'बघून घे'मध्ये माझे पुढचे तीन रविवार गेले आणि या प्रकाराबद्दल मला मनापासून आदर वाटायला लागला.

पोल डान्स म्हटलं की भुवया वर जातात, हे मला ठाऊक आहे. आजची ही कला अमेरिका आणि कॅनडातल्या नाइटक्लबांमध्ये नाचणाऱ्या बायकांनी घडवली. तिची बरीचशी भाषा त्यांचीच आहे आणि ते श्रेय त्यांना द्यायलाच हवं. पुढे व्यायाम म्हणून ती जगभर पसरली. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय पोल स्पोर्ट्स महासंघ स्थापन झाला आणि २०१७ मध्ये जागतिक क्रीडा संघटनांच्या शिखर संस्थेने त्याला निरीक्षक दर्जा दिला. आपल्याकडच्यांना तर हे अनोळखी वाटायचं कारणच नाही. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्याला नवा जन्म दिला, तो मल्लखांब आपला. २०१९ च्या फेब्रुवारीत पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा मुंबईत शिवाजी पार्कवर झाली, आणि तिथल्याच समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.

पण दोन्ही खांबांची जात वेगळी. मल्लखांब सागवानी किंवा शिसवी लाकडाचा, बुंध्याशी अर्ध्या मीटरच्या आसपास परीघ, वर मानेकडे निमुळता होत जाणारा, आणि अंगभर एरंडेल चोपडलेला. तो एका हाताच्या मुठीत मावत नाही. म्हणून मल्लखांबातली पकड मुख्यतः मांड्यांची, आणि अढी, म्हणजे पायांनी खांबाला मारलेली मिठी, हा तिथला पाया. पोल धातूचा, कोरडा आणि मुठीत मावणारा. त्यामुळे हात, कोपराची खोबण, गुडघ्यामागची घडी, काख अशा सगळ्या जागा कामाला लागतात. जाडी बदलली की शरीराने बोलायची भाषाच बदलते. पोल विकत घेताना जाडीचा विचार आधी करायचा तो यासाठी.

बाजारात ४०, ४५ आणि ५० मिलिमीटर व्यासाचे पोल मिळतात. स्पर्धांमध्ये ४५ चा चालतो. जुन्या क्लबांतले पोल बहुधा ५० चे असत. हे आकडे कागदावर वाचून हाताला काही कळत नाही, म्हणून भाचीला मी रद्दीतली वर्तमानपत्रं घेऊन बसवलं. व्यासाला ३.१४ ने गुणलं की परीघ मिळतो: ४० चा १२.६ सेंमी, ४५ चा १४.१, ५० चा १५.७. प्रत्येक मापाची एकेक घट्ट सुरळी केली, चिकटपट्टी लावली आणि डोळे मिटून धरायला सांगितलं. पन्नासच्या सुरळीवर तिच्या मधल्या बोटाचं टोक आणि अंगठा यांत चांगलं बोटभर अंतर राहिलं. पंचेचाळीसवर ते जेमतेम टेकले. चाळीसवर अंगठा बोटावर चढला. मूठ जेवढी मिटते तेवढा पंजाचा जोर नीट लागतो, म्हणून लहान हातांना चाळीसचा मोह होतो. मात्र मांडी आणि गुडघ्याची घडी यांना थोडा जाड पोल जास्त मानवतो, कारण कातडीचा मोठा भाग टेकतो. शिवाय पोलचा ताठपणाही जाडीवर ठरतो: भिंतीची जाडी तीच ठेवली तर ४५ ची नळी ४० च्या नळीपेक्षा साधारण ४० टक्के जास्त ताठ असते. तिने ४५ घेतला. स्टुडिओतही तोच होता, आणि हाताची सवय मोडू नये हेही कारण होतंच.

आता कातडी. पोलवर माणूस टिकतो तो घर्षणावर. घर्षण मिळतं दाबातून. भाचीचं वजन ५५ किलो, म्हणजे सुमारे ५४० न्यूटन. कातडी आणि धातूमधला घर्षणांक ०.६ धरला, तर हात सोडून फक्त मांड्यांवर बसायला एकूण ९०० न्यूटन दाब हवा. दोन मांड्यांत वाटला तर प्रत्येकीने साधारण ४६ किलोच्या वजनाइतकं पोलला आवळायचं, आणि तेही हातभर लांबीच्या अरुंद पट्ट्यावर. पहिल्यांदा पोलवर बसलेली प्रत्येक मुलगी का कळवळते, मांडीवर निळे डाग का उठतात, हे या एका गुणाकारात आलं. त्वचेखालच्या बारीक केशवाहिन्या फुटतात म्हणून ते डाग. हळूहळू पकड कुठे आणि किती हवी ते कळतं आणि डाग कमी होतात.

कातडीचं घर्षण शाळेच्या पुस्तकातल्या लाकडी ठोकळ्यासारखं वागत नाही. किंचित ओलाव्याने बाहेरचा थर मऊ पडतो, धातूच्या पृष्ठभागावर जास्त जागी टेकतो आणि पकड वाढते. घाम त्याहून जास्त झाला की पाण्याचा पापुद्रा मध्ये येतो आणि हात सटकतो. अगदी कोरडे हातही सटकतात. म्हणजे नेमका मधला पट्टा साधायचा. थंडीत पोल गार असतो तेव्हा तो तळहाताने चोळून कोमट करावा लागतो. कोकणात नि मुंबईत उलटी तऱ्हा. तिथे हाताला मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड लावायची आणि दर थोड्या वेळाने स्पिरिटच्या फडक्याने पोल पुसायचा. सरावाच्या दिवशी अंगाला तेल किंवा मॉइश्चरायझर लावायचं नाही, आदल्या रात्रीसुद्धा नाही. आखूड कपड्यांचं कारणही हेच. कापड घसरतं, कातडी धरते. ज्यांना त्या कपड्यांत फक्त दिखावा दिसतो, त्यांनी सलवार घालून एकदा मीटरभर चढून पाहावं.

पोल कशाचा घ्यायचा, याचं उत्तरही घामातच आहे. क्रोमचा मुलामा दिलेला पोल गुळगुळीत, टिकाऊ, सगळीकडे मिळणारा, पण दमट हवेत निसरडा. पितळेला पकड जास्त, म्हणून उष्ण देशांत त्याला मागणी. मात्र ते काळवंडतं आणि घासूनपुसून ठेवावं लागतं, देवघरातल्या समईसारखं. क्रोमच्या खाली बहुधा निकेलचा थर असतो. कानातल्या खोट्या दागिन्यांनी ज्यांना पुरळ येतं त्यांनी स्टेनलेस स्टीलचा किंवा पावडर कोटिंगचा पोल पाहावा. सिलिकॉनचं आवरण असलेल्या पोलवर कपड्यांनिशी चढता येतं, पण तिथे कातडी सरकली तर सोलवटते. नवशिक्यांना तो घ्यायला मी सांगणार नाही.

आता छताकडे येतो, कारण लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. घरगुती पोल बहुतेक वेळा दाबाचे असतात: खाली स्क्रू फिरवायचा, गाडीच्या जॅकसारखी नळी वर सरकते आणि वरची थाळी छताला टेकून घट्ट बसते. ड्रिल नको, खिळा नको, भाड्याच्या घरातही चालतं. लोकांची भीती असते ती स्लॅब फुटेल याची. पाच इंची काँक्रीट स्लॅबचं वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर तीन टनांहून जास्त ओझं आधीच आहे. खालून शंभर-दीडशे किलोचा रेटा दिला तर त्याला फारसं काही होत नाही.

खरी गंमत पुढे आहे. तुम्ही पोलवर चढता तेव्हा छतावरचा दाब वाढत नाही, कमी होतो. पोल म्हणजे छत आणि जमीन यांच्यामध्ये आवळून बसवलेला दांडा. मध्यावर तुमचं वजन आलं की खालचा भाग आणखी दाबला जातो आणि वरच्या भागावरचा दाब थोडा कमी होतो. आणि नेमक्या त्याच वेळी बाजूचा रेटा वाढतो. समजा भाचीने फ्लॅग केला, म्हणजे दोन हातांनी पोल धरून शरीर झेंड्यासारखं आडवं. दोन हातांत ८० सेंमी अंतर आणि गुरुत्वमध्य पोलपासून ८० सेंमी, तर वरचा हात तिच्या वजनाइतक्याच जोराने पोल ओढतो आणि खालचा तितक्याच जोराने ढकलतो. पोलची उंची २.७ मीटर धरली तर वरच्या थाळीला बाजूने १६० न्यूटन, म्हणजे १६ किलोचा रेटा बसतो. झोका घेतला तर हा आकडा सहज दुप्पट होतो. त्या थाळीला जागच्या जागी कोण धरतं? पुन्हा घर्षणच. वर कातडीचं घर्षण मोजलं, तोच नियम इथे रबर आणि चुन्या-रंगाला लागू. आधी पुरेसं आवळलेलं नसेल तर वरचा दाब घटलेला आणि बाजूचा रेटा वाढलेला, अशा कात्रीत थाळी सरकते आणि अख्खा पोल माणसासकट आडवा होतो.

म्हणून पीओपीच्या किंवा जिप्समच्या फॉल्स सीलिंगखाली पोल लावायचा नाही. भाचीच्या खोलीत कडेने पीओपीची सुंदर पट्टी होती. तिने पसंत केलेली जागा बरोबर त्याच पट्टीखाली. मी खुर्चीवर चढून बोटाने टकटक केलं. पट्टीखाली आवाज पोकळ, मध्ये स्लॅबखाली बद्द. तो फरक तिला ऐकवल्यावर आणखी काही समजावावं लागलं नाही. जुन्या वाड्यांत, चाळींत लाकडी छत असेल तर थाळी तुळईखालीच यायला हवी, आणि ती तुळई वाळवी न लागलेली हवी. पत्रा किंवा मंगळुरी कौलं असतील तर दाबाचा पोल विसरा. तिथे स्वतःचा रुंद पाया असलेला स्टेजचा पोल लागतो, तो महाग आणि जागा खाणारा.

पोल उभा करताना गवंड्याचा ओळंबा लावून दोन बाजूंनी पाहावं. वाकड्या पोलवर वरची थाळी एका कडेवरच टेकते. टाइल्स आणि थाळीचं रबर दोन्ही पुसून घ्यायचे, आणि प्रत्येक सरावाआधी हाताने जोरात हलवून पाहायचं, कारण हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात.

आणि पंखा! परदेशी सूचनापत्रकांत त्याचा उल्लेख नसतो. पोलभोवती सगळीकडे दीड मीटर मोकळी जागा हवी. आपल्या नेहमीच्या पंख्याच्या पात्यांचा व्यास १.२ मीटर, म्हणजे त्रिज्या ६० सेंमी. तेव्हा पोल आणि पंख्याचा दांडा यांत किमान २.१ मीटर अंतर पाहिजे. दहा बाय बाराच्या खोलीत पंखा मध्यभागी असेल तर असा बिंदू भिंतीला चिकटल्याशिवाय सापडतच नाही. पंखा बंद ठेवूनही भागत नाही, पायाची धडक पात्याला बसायची ती बसतेच. भाचीने पंखा उतरवला, भिंतीवरचा लावला, आणि पोल खोलीच्या मध्याजवळ आला.

फिरता पोल घ्यावा का स्थिर, हा तिचा शेवटचा प्रश्न. बहुतेक घरगुती पोल दोन्ही करतात, आत बेअरिंग असतं, स्क्रूने ते अडकवता येतं. फिरत्या पोलवर हातपाय पसरले की वेग कमी, जवळ घेतले की जास्त. कोनीय संवेग कायम राहतो म्हणून. डोकं गरगरण्याचा अनुभव मंगळागौरीत फुगडी घातलेल्या कुणालाही नवा नाही: थांबल्यावरही कानाच्या आतल्या नलिकांतला द्रव फिरत राहतो आणि खोली फिरत असल्याचा भास होतो. जमिनीवर हे हसण्यावारी नेता येतं, उंचीवर उलटं असताना नाही. पहिले काही महिने पोल अडकवूनच ठेवावा.

गादीबद्दल थोडं खडसावून सांगतो, कारण योगा मॅट अंथरून सराव करणारे पाहिले आहेत. दीड मीटरवरून पडलात तर जमिनीशी वेग ताशी १९ किलोमीटरच्या पुढे असतो. तो वेग पाच मिलिमीटरमध्ये थांबवायचा तर शरीराला गुरुत्वाच्या ३०० पट मंदन सोसावं लागतं. जाड क्रॅश मॅट साडेसात सेंमी दबली तर हाच आकडा २० वर येतो. पोलला दोन्ही बाजूंनी बिलगणारी जाड मॅट हा खर्चाचा भाग धरूनच चालावं. घरातली कापसाची गादी दुमडून टाकली तर ती सरकते, आणि ज्या जागी पडायचं तिथेच फट राहते.

शरीराचंही एक वेळापत्रक असतं. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, स्नायूबंधांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांना महिने लागतात. मधल्या काळात आपल्याला वाटतं जमतंय, आणि कोपराच्या आतल्या बाजूला दुखणं सुरू होतं. पोल करणाऱ्यांचं हे अगदी नेहमीचं दुखणं. त्यावर उपाय म्हणजे डावी-उजवी बाजू सारखी वापरणं, रोज न करणं, आणि लटकताना खांदे कानाशी न नेता खाली ओढून ठेवणं. उलटं होणं एकट्याने घरी शिकू नये, आधी शिक्षकासमोर बसवावं. काचबिंदू किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर बायकांनी उलटं होण्याचा प्रकार टाळावा. अंगठ्या, बांगड्या काढून ठेवाव्यात.

पितळी पोल महिन्याभरापूर्वी आला. उभा करायला आम्हाला दोन तास लागले, त्यातला एक तास ओळंब्याने खाल्ला. सध्या ती आठवड्यातून तीन दिवस, पाय मॅटपासून वीतभर वर ठेवून, फक्त लटकते. परवा फोन आला: उजव्या हाताने बत्तीस सेकंद, डाव्याने एकोणीस. आता डावा हात पंचविसावर येईपर्यंत उजव्याला थांबवून ठेवलंय.