जुनं ल्यों पाहायला जाताना

व्ह्यू ल्यों, म्हणजे फ्रान्समधल्या ल्यों शहरातलं जुनं ल्यों, सोन नदी आणि फूर्विएर टेकडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलंय. १९६४ साली फ्रान्समध्ये कायद्याने संरक्षण मिळालेली ही पहिली जुनी वस्ती. १९९८ मध्ये ती युनेस्कोच्या यादीत आली. पार-द्यू स्टेशनवरून मेट्रो बी घ्या, साक्स-गाम्बेटाला डी लाइन पकडा आणि 'व्ह्यू ल्यों'ला उतरा.

फक्त र्‍यू सँ-जाँ या रस्त्यावरून चालत गेलात तर दुकानं आणि गर्दीच दिसेल. इथलं खरं वैभव दारांच्या आड आहे. मुख्य रस्ते नदीला समांतर आणि आडवे बोळ मोजके, म्हणून घरांच्या पोटातून पलीकडच्या रस्त्यावर निघणाऱ्या वाटा काढल्या गेल्या. त्यांना त्राबूल म्हणतात. सर्वांत लांब त्राबूल ५४, र्‍यू सँ-जाँ इथे सुरू होतो आणि घरांतले चौक एकामागून एक ओलांडत २७, र्‍यू द्यु बफला निघतो. तिथून जवळच, त्याच रस्त्यावर १६ नंबरच्या घराच्या चौकात गुलाबी मनोरा आहे. त्याच्या आत गोल जिना आहे.

दार बंद दिसलं म्हणून परत फिरू नका, आधी ढकलून पाहा. नाहीच उघडलं तर बाजूच्या पट्टीवर 'सर्व्हिस' लिहिलेलं बटण शोधा. ते दाबल्यावर खट्ट आवाज आला की लगेच ढकला. नावांची बटणं मात्र दाबू नका, ती रहिवाशांच्या घरची बेल आहे. काही दारं दुपारनंतर उघडत नाहीत, म्हणून सकाळीच जा. आत माणसं राहतात: हळू बोला, जिने चढू नका, दार ओढून घ्या.

गोट्यांच्या फरसबंदीवर चाकाची बॅग आणि बाबागाडी अडकते. सामान हॉटेलवर ठेवा, जाड तळव्याचे बूट घाला.

बूशों नावाच्या खाणावळींत दुपारचं जेवण साधारण बारा ते दोन. शाकाहारी मंडळींनी जपून: 'सालाद लियोनेझ' नाव सॅलडचं, पण त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे आणि अंडं असतं. 'सेर्व्हेल द कान्यू' हे सुवासिक पाला घातलेलं ताजं चीज आहे. 'काराफ दो' मागितलंत तर नळाचं पाणी फुकट मिळतं.

टेकडीवर पायी चढू नका. मेट्रो स्टेशनातूनच दोन फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या चढावरच्या गाड्या, सुटतात, मेट्रोचं तिकीट त्यांत चालतं. 'फूर्विएर' लिहिलेली घ्या. दुसरी सँ-ज्यूस्तला जाते. वर बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आणि रोमन नाट्यगृह पाहून पायऱ्यांनी उतरा.